वायनरी, वीकांत आणि माळकरी मामा

हापिसात नवीन माणसाशी ओळख झाली, "गाव कुठलं?" ला मी "नाशिक" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. माझ्या बाबांच्या पिढीला लोक कुंभमेळ्याबद्दल विचारायचे, पंचवटीबद्दल विचारायचे, येताना चिवडा आण म्हणायचे. मला मात्र गेली पाच-सहा वर्षं एकच प्रश्न: "अरे मग सुलाला नेशील का?" जणू काही माझे आजोबा तिथे मॅनेजर होते!

तर मंडळी, दर हिवाळ्यात पुण्याहून कोणाची ना कोणाची गाडी भरते आणि मी बिनपगारी गाइड होतो. तक्रार नाही, मला ते आवडतं. वाइन आवडते, त्याहून जास्त ती कशी होते हे बघायला आवडतं. यंदा त्या गाडीत एक वेगळा पाहुणा होता, त्याच्याविषयी पुढे सांगतोच. आधी ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं.

नाशिकच का?

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. दिवसा ऊन कडक, रात्री थंडी. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात वाचली असेलच. दिवसाच्या उन्हाने द्राक्षात साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने त्यातला आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही लागतं. नुसती साखर असेल तर वाइन पाकासारखी मिळमिळीत होते, नुसता आंबटपणा असेल तर तोंड वाकडं होतं.

पण युरोपात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल झोपी जातो आणि वसंतात आपला आपण उठतो. आपल्याकडे वेलाला झोपायला थंडीच पुरत नाही, तो वर्षभर वाढतच राहतो. म्हणून आपले शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या फळाची काडी तयार होते. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. पाऊस संपल्यावर फळ वाढतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. म्हणजे फ्रान्समध्ये सप्टेंबरात जे होतं ते आपल्याकडे फेब्रुवारीत. निसर्गाचं कॅलेंडर कात्रीने बदललेलं आहे! मला हा प्रकार सॉफ्टवेअरमधल्या एखाद्या भन्नाट जुगाडासारखा वाटतो. फक्त तो कोण्या इंजिनिअरने नाही, द्राक्षवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलाय.

इंजिनिअरचा विषय निघालाच आहे तर.. सुलाचे राजीव सामंत हे स्टॅनफर्डमधून इंजिनिअरिंग शिकलेले आणि ओरॅकलमध्ये नोकरी केलेले गृहस्थ. नव्वदच्या दशकात ते नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत शेती करू लागले. आंबे करून पाहिले, गुलाब करून पाहिले, खायची द्राक्षं केली. मग १९९७ साली वाइनच्या वेली लावल्या आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून सुला. आमच्या टीममध्ये दर अप्रेझलनंतर दोन-तीन जण "सोडतो यार, शेती करतो" म्हणतात, त्यांच्यासाठी हे उदाहरण धोकादायक आहे :-)

सुला पहिली मात्र नव्हे. त्याआधी ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांच्या इंडेजने फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली होती. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि मग नाशिक जिल्ह्यात वायनऱ्यांची रांगच लागली. आज विचाराल तर गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क (यॉर्क २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली) आणि सोमा, दिंडोरीकडे शाँदाँ, इगतपुरीच्या बाजूला ग्रोव्हर झांपा आणि छोटीशी व्हॅलोने. नाशिकबाहेर अकलूजला फ्रातेल्ली आहे, पण तो वेगळा वीकांत.

जायचं कधी, कसं?

फेब्रुवारी. बाकी वेळी गेलात तर टाक्या दिसतील, बाग दिसेल, पण घड दिसणार नाहीत. पावसाळ्यात हिरवंगार असतं, फोटो छान येतात, मात्र वेलीवर बघण्यासारखं काही नसतं.

दुसरं, गाडी चालवणारा माणूस न पिणारा हवा. हे मी चेष्टेने सांगत नाहीये. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि "चार-पाच छोटे घोट तर घेतले" म्हणणारे लोक ती सहज ओलांडतात. आमच्यात एक मित्र पित नाही. त्याला आम्ही जेवण, पेट्रोल आणि गाण्यांची निवड असं पॅकेज देतो.

तिसरं, ड्राय डे बघून निघा. आणि चौथं, एका दिवसात दोनपेक्षा जास्त वायनऱ्या करू नका. तिसऱ्या वायनरीत जीभ संपावर जाते. मग सगळं "छान आहे" वाटतं आणि काहीच कळत नाही.

आत काय चालतं

टूरमध्ये स्टीलच्या टाक्या दाखवतात आणि बहुतेक लोक तिथे मोबाइल काढून उभे राहतात. माझं मन मात्र तिथेच रमतं.

वाइन म्हणजे हिशोब आहे. द्राक्षाची साखर ब्रिक्समध्ये मोजतात. खायचं द्राक्ष साधारण १६ ते १८ ब्रिक्सला तोडतात, वाइनचं २२ ते २४ ला. यीस्ट ही साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ढोबळमानाने लिटरमागे १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे लिटरला २२० ग्रॅम साखर असेल आणि यीस्टने सगळी फस्त केली तर तेरा टक्क्यांच्या आसपास. बाटलीवरचा आकडा कुठून येतो तो असा. यीस्टला मध्येच थांबवलं तर साखर शिल्लक राहते आणि वाइन गोडसर होते. गोड वाइनमध्ये वरून साखर घालतात ही समजूत आमच्या गाडीत दर वर्षी कोणीतरी घेऊन येतंच.

पांढरी आणि लाल यातला फरकही मजेचा आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो, रंग असतो सालीत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं दाबून नुसता रस घेतात आणि तो थंड ठेवून, बारा-पंधरा अंशांच्या आसपास, हळूहळू आंबवतात, म्हणजे वास उडून जात नाहीत. लालसाठी साली-बियांसकट आंबवतात आणि तापमान जास्त ठेवतात. कार्बन डायऑक्साइडने साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो पुन्हा पुन्हा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपाने वर सोडायचा. अगदी आजीचं लोणचं हलवण्याचं काम! सालीतून रंग येतो आणि टॅनिनही येतं. टॅनिन म्हणजे कच्चं केळं खाल्ल्यावर किंवा जास्त उकळलेला बिनदुधाचा चहा प्यायल्यावर जीभ जशी खरखरीत होते ना, ते.

फसफसणाऱ्या वाइनचं आणखी वेगळं. तयार वाइन बाटलीत भरून त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात. वायूला बाहेर जायला वाव नाही, तो वाइनमध्येच मुरतो. बाटलीतला दाब सहा वातावरणांपर्यंत जातो, म्हणजे गाडीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. तेव्हा वाढदिवसाला ती हलवून कोणाच्या तोंडाकडे बूच उडवू नका. आणि हो, तिला शॅम्पेन म्हणू नका. शॅम्पेन फक्त फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताची. आपली ती स्पार्कलिंग.

नाक मराठी आहे

मग येते टेस्टिंग. पाच-सहा ग्लास, प्रत्येकात दोन घोट. बघा, फिरवा, हुंगा, प्या. समोरचा मुलगा सांगतो, "यू विल गेट गूजबेरी अँड ग्रीन बेल पेपर." आणि आमचे लोक माना डोलावतात. गूजबेरी आमच्यातल्या एकानेही कधी खाल्लेली नाही!

मी यावर एक नियम केलाय. आपल्या नाकाला आपलं जे आठवेल तेच म्हणायचं. सॉव्हिन्यों ब्लाँ हुंगली की मला कच्ची कैरी, पेरूची साल आणि पावसाळ्यातलं नुकतं कापलेलं गवत आठवतं. शेनॅं ब्लाँमध्ये पिकलेला पेरू, कधी मध. शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी, आणि मिरी म्हणजे अक्षरशः मिरी, त्या वासाचा रेणू द्राक्षाच्या सालीत आणि मिरीत एकच आहे. ओकच्या पिंपात ठेवलेली लाल वाइन असेल तर व्हॅनिला, थोडा धूर. आमच्या एका मैत्रिणीने एका लाल वाइनला "आजीच्या ट्रंकेचा वास" म्हटलं. वाढणारा मुलगा हसला, मग त्याने स्वतः हुंगून पाहिलं आणि म्हणाला, "सिडार वुड.. बरोबर आहे मॅडम."

जेवणाबरोबरचंही तसंच. तिखटाबरोबर कडक लाल वाइन घेतली की टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही मिळून तिखट आणखी भडकवतात. मिसळीबरोबर कॅबर्नेचा प्रयोग आम्ही एकदा केलाय, शत्रूवरही करू नये. तिखटाला थोडी गोडसर आणि थंड शेनॅं ब्लाँ चालते. चिवड्याबरोबर स्पार्कलिंग, कारण खारट आणि तळकट पदार्थावर ती तोंड साफ करते. मटणाच्या रश्श्याबरोबर फार तिखट नसेल तर शिराझ.

आणि घरी आणलेल्या बाटलीविषयी दोन गोष्टी. लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला प्यावी म्हणतात ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची, एप्रिलमधला आपला हॉल नव्हे. वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा खुशाल. दुसरं, फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्तातली वाइन असं काही नाही. ताजी प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा बरंच.

जत्रा आणि जत्रेबाहेर

सुलाने २००८ साली सुलाफेस्ट चालू केला. उघड्या रंगमंचावर गाणी, सगळीकडे ग्लास घेऊन फिरणारी माणसं. कोविडनंतर काही वर्षं तो बंद होता, २०२५ च्या फेब्रुवारीत परत झाला. तरुणपणी एकदा तरी बघावा असा प्रकार आहे (हे मी अठ्ठाविसाव्या वर्षी म्हणतोय, च्यामारी!). पण वाइनसाठी जायचं असेल तर ती जागा नव्हे. गर्दीत ग्लास सांभाळावा की चव घ्यावी?

द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रमही तोडणीच्या दिवसांत ठिकठिकाणी असतो. पिंपात उतरायचं, गुडघ्यापर्यंत रस, फोटो. लहान मुलं खूष असतात. वाइन मात्र आता यंत्रातल्या रसाची होते, तुमच्या पायांची नाही, तेव्हा काळजी नसावी.

मला आवडतात त्या छोट्या जागा, वीक-डेला, जिथे वाढणारा माणूस आपल्याशी दहा मिनिटं बोलू शकतो. तुम्ही विचाराल तेवढं ते सांगतात. पण विचारायचं काय, हे मला या वर्षी कळलं. ते शिकवलं माझ्या मामांनी.

मामा

माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी. आयुष्यात थेंब घेतलेला नाही. आणि या माणसाने २००६ साली दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती.

तेव्हा तालुक्यात तशी लाटच होती. वायनऱ्या शेतकऱ्यांशी करार करत होत्या. खायच्या द्राक्षाला विरळणी, जीएच्या डिपिंगा, मणी फुगवायचे, घड सजवायचा, वरून एक गारपीट झाली की सगळं मातीत. वाइनच्या द्राक्षाला यातलं पुष्कळसं नको. मणी बारीकच हवा, साल जाडच हवी. खर्च कमी, माणसं कमी, भाव आधी ठरलेला. माळ आणि वाइन हे कसं जमतं, असं आजीने विचारलं होतं म्हणे. मामा म्हणाले होते, "मी द्राक्ष विकतोय. पुढं त्याचं काय करायचं ते घेणाऱ्यानं बघावं."

पहिली दोन वर्षं पैसे आले. मग २००८ साल उजाडलं. मंदी, पाठोपाठ मुंबईवरचा २६ नोव्हेंबरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप पडला, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. जुनी वाइन टाकीत असताना नवा रस कुठे ओतणार? त्या हंगामात मामांची वायनरी (नाव सांगत नाही, ती आता नाहीच) "उद्या गाडी पाठवतो" म्हणत राहिली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, सुट्टीत मामाकडे गेलो होतो. घड वेलीवर सुकत चालले होते आणि आम्हा पोरांना कोणी "तोडू नका" म्हणत नव्हतं. एरवी एका घडाला हात लावला तर ओरडा बसायचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खायचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा व्यापारी असतो, बाजार असतो, अगदीच नाही तर बेदाणा असतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते बाजारात कोण खाणार? त्याला गिऱ्हाईक एकच, ज्याच्याशी करार आहे तो. तो फिरला की संपलं. मागच्या हंगामाचे पैसेही अर्धे राहिले होते ते राहिलेच. पुढच्या वर्षी मामांनी कुऱ्हाड चालवली. तालुक्यात बऱ्याच जणांनी चालवली. वेल तोडताना मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

आणि आता माझ्या मामेभावाला पुन्हा वाइनची द्राक्षं लावायची आहेत! तो कृषी पदवीधर आहे. मागल्या काही वर्षांतली अवकाळी, मजुरांची ओढाताण यांना कंटाळलाय. एका वायनरीशी त्याचं बोलणं चालू आहे. घरात दोन महिने यावरून धुसफूस. शेवटी मामा मला म्हणाले, "तू त्या पोरांना घेऊन जातोस ना तिकडं? मला ने एकदा. बघू तरी काय करत्यात."

म्हणून यंदा फेब्रुवारीत आमच्या गाडीत मामा होते. पांढरा सदरा, टोपी. माझे हिंजवडीचे मित्र जरा बिचकलेच. आम्ही गेलो ती वायनरी भावाचा करार होणार होता ती नव्हे, दुसरी. भाव म्हणाला तिथे गेलो तर ते मुद्दाम चांगलंच दाखवतील.

टूरवाली मुलगी नेहमीचं सांगू लागली, द्राक्षं अमुक, पिंपं फ्रान्सची, एका पिंपात २२५ लिटर. मामांनी हात वर केला. "ताई, ही द्राक्षं तुमच्या बागेची का शेतकऱ्याची?" ती म्हणाली, दोन्ही. "शेतकऱ्याला भाव वजनावर का ब्रिक्सवर?" तिला माहीत नव्हतं. "पाऊस झाला आन ब्रिक्स उतरला तर?" तेही नव्हतं. "आन पैसे किती दिवसांत?" मला वाटलं आता ती वैतागेल. पण तिने फोन करून बागेचं काम बघणाऱ्या एका साहेबांना बोलावलं. पोरगी गुणी.

पुढचा पाऊण तास आमची टूर बाजूला राहिली. ते साहेब आणि मामा बागेत शिराझच्या ओळीत उभे. साहेबांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. मामांनी एक मणी तोंडात टाकला, चावला, साल बराच वेळ दाढेखाली धरली आणि बिया तळहातावर काढल्या. साहेबही तेच करत होते. बी हिरवट असेल तर साखर कितीही दाखवू दे, द्राक्ष तयार नाही. बी तपकिरी झाली आणि दाताखाली कडकन फुटली की तयार. दोघांनी एकमेकांच्या हातातल्या बिया बघितल्या. "अजून आठ दिवस," मामा म्हणाले. साहेब हसले, "आम्ही पुढचा बुधवार धरलाय."

टेस्टिंग रूममध्ये मामा आमच्याबरोबर बसले. त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास. माझा शिराझचा ग्लास त्यांनी मागून घेतला आणि नुसता हुंगला. दोनदा. मग परत दिला. "वास बागेचाच हाय," म्हणाले. "तोडणीच्या दिवशी क्रेटला येतो तसा." मी इतकी वर्षं जांभूळ, मिरी करतोय, हे काही मला कधी आलं नव्हतं.

घरी आल्यावर भावाने कराराचा मसुदा माझ्यापुढे टाकला. इंग्रजीत, अकरा पानं. हे आपलं काम, आम्ही दिवसभर असल्याच गोष्टी वाचतो. शेतकऱ्याने काय काय करायचं याची दीड पानं होती: कुठली फवारणी कधी बंद करायची, ब्रिक्स किती हवा, कुजके मणी किती टक्के चालतील. कंपनीने माल कधीपर्यंत उचलायचा याबद्दल एक ओळ, "योग्य वेळी." आणि नाही उचलला तर? काहीच नाही. आमच्या धंद्यात असला करार आला तर कोणी सहीच करणार नाही. सर्व्हर किती मिनिटं बंद राहिला तर किती दंड, हे आम्ही दशांश चिन्हापर्यंत लिहून घेतो.

मी मामांना मराठीत समजावून सांगितलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, "मागच्या टायमाला हे एक पानच होतं. तेही आम्ही वाचलं नव्हतं."

आम्ही तीन वाक्यं लिहून दिली. ठरलेला ब्रिक्स आल्यापासून इतक्या दिवसांत माल उचलायचा. नाही उचलला तरी ठरलेल्या भावाचा अमुक हिस्सा द्यायचा. आणि पैशाला उशीर झाला तर व्याज. कंपनीचा माणूस म्हणाला, वर विचारून सांगतो. मामा म्हणाले, लिहून आलं तर एक एकर, नाही आलं तर आहे ते बरं. भावाला दोन हवे होते. तो रुसलाय. उत्तर अजून आलेलं नाही, आणि खड्डे घ्यायचे की नाही हे त्यावरच अडलंय.

२०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा टीव्हीवर चर्चांचा नुसता धुरळा उडाला होता. एक बाजू म्हणत होती शेतकऱ्याचं भलं होईल, दुसरी म्हणत होती महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही. त्या रात्री मामांच्या ओसरीवर आम्ही ते बघत होतो. मामा म्हणाले होते, "ह्या दोघांपैकी एकाला तरी विचार, उचल कधी हाय आन पैसा कधी हाय." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

मी वाइन सोडणार नाही, मामांनी तसं कधी सुचवलंही नाही. उलट एका बाटलीच्या मागे किलोभराहून थोडी जास्तच द्राक्षं असतात आणि त्या किलोमागे कोणाचा तरी जानेवारी असतो, हे कळल्यावर तिची चव जरा जास्तच नीट लागते. गाव नाशिक असूनही मला हे अठ्ठावीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा या फेब्रुवारीत जाणार असाल तर जरूर जा. दोनच वायनऱ्या करा, न पिणारा ड्रायव्हर न्या, हुंगताना आपली कैरी आपला पेरू आठवा. आणि टूरवाल्याला एक प्रश्न माझ्या मामांचा विचारा, "द्राक्षं कोणाची, आणि त्याला पैसे किती दिवसांत?" दहातल्या नऊ ठिकाणी उत्तर मिळणार नाही. पण शंभर जणांनी विचारलं तर कोणीतरी ते उत्तर त्यांच्या टूरच्या कागदात लिहून ठेवेल.

असो. उद्या सोमवार. बिल्ड तुटलेलं आहे आणि ते मलाच बघायचंय. पुढच्या वीकांताला भेटूच.